आतल्या खोलीत कोणीतरी थोपटत होतं

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

आणि घडलेली आहे. ज्याच्यावर बेतली तो माणूस भुताखेतांना मानणाऱ्यांतला नव्हता, मानणाऱ्यांची टर उडवणाऱ्यांतला होता. आज त्याच्यासमोर हा विषय निघाला की तो उठून बाहेर जातो. एवढ्यावरून काय ते समजा.

साल २००३. एप्रिलचा दुसरा मंगळवार. नाशिकच्या इंदिरानगरमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाहेर हॉल, त्याला लागून किचन आणि आत एक खोली.

रविराज अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. हाताखाली चाळीस माणसं. चाळीस माणसं हाकणाऱ्याला घरची दोन पोरं म्हणजे किस झाड की पत्ती, असं तो चारचौघांत म्हणायचा. पोरगी ऋचा अडीच वर्षांची. धाकटा मुलगा तेवीस दिवसांचा. बारसं व्हायचं होतं, म्हणून सगळे त्याला नुसतं 'बाळ' म्हणत.

बायको हर्षाली सिझेरियनच्या टाक्यांनी बेजार होती. झोप नाही, अंगात ताप. ती काही बोलली की रविराजचं ठरलेलं उत्तर असायचं... दिवसभर घरातच तर असतेस, काम काय असतं तुला?

गेले दहा दिवस ती आणखी एक सांगत होती.

दुपारी डोळा लागला की आतल्या खोलीत कोणीतरी बाळाला थोपटतं. डोळे उघडले की थांबतं.

रविराज पोट धरून हसला होता. सासूला फोन करून सांगितलंही त्याने, तुमच्या मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला कुसाबाई यायची. मूळची इगतपुरीकडच्या पाड्यावरची, साठीची बाई. तिने ते ऐकलं आणि ती हसली नाही. बाळाला आतल्या खोलीत एकटं ठेवू नका, एवढंच म्हणाली. रविराजने तिलाही सोडलं नाही. आंघोळ घालायचे पैसे मिळतात तुला, अक्कल शिकवायचे नाही, असं तोंडावर सुनावलं.

कुसाबाईने बादली उचलली आणि त्या दिवसाचं काम उरकून निघून गेली.

त्या मंगळवारी हर्षालीचा ताप वाढला. डॉक्टरांनी बोलावून घेतलं. सलाईन लावावं लागेल, चार-पाच तास लागतील. सोबतीला तिची आई सविताबाई गेल्या. बाळाला न्यायची सोय नव्हती. रविराजने रजा टाकली होती.

जिना उतरताना हर्षाली दोनदा थांबली. दूध कसं पाजायचं, बाटली किती उकळायची, ऋचाला काय भरवायचं... सगळं परत सांगत होती. रविराजने हात झटकला. दोन पोरांसाठी एवढी व्याख्यानं कशाला? संध्याकाळी ये आणि बघ, काम कसं करतात ते.

अकरा वाजता दार लावून त्याने आतून कडी घातली. ऋचा जिन्याकडे पळायची, म्हणून.

साडेअकराला बाळ उठलं.

बारापर्यंत रविराजचा सगळा रुबाब उतरला होता. दुपटं बदललं, लगेच ओलं झालं. परत बदललं, परत ओलं. ऋचाने वरणभाताची ताटली उलटी केली आणि त्यात बसली. तिला एक धपाटा बसला. ती रडायला लागली. तिचं ऐकून बाळाने आणखी वरचा सूर धरला. बाटली तोंडाला लावली की ते मान फिरवायचं.

चाळीस माणसं हाकणारा माणूस घामाने निथळत उभा होता. खांद्यावर ओकारी, पायाखाली भात.

एक वाजता लाईट गेली.

पंखा थांबला. बाळ रडून रडून काळंनिळं होत होतं. रविराजने त्याला आतल्या खोलीतल्या झोळीत टाकलं... ठेवलं नाही, टाकलं... आणि किचनमध्ये येऊन दूध परत गरम करायला घेतलं. गॅसचं बटण त्याने करकचून फिरवलं. रागाने.

आणि रडणं थांबलं.

एकदम.

गॅसची फुरफुर तेवढी ऐकू येत होती. आणि मग आतून...

थप... थप... थप...

कोणीतरी बाळाला थोपटत होतं. सावकाश, सरावाच्या हाताने. मधूनच बांगड्या किणकिणत होत्या.

रविराजला हायसं वाटलं. सासूबाई परत आल्या असणार, दार कोणी उघडलं याचा विचारही त्याने केला नाही. हर्षालीला तिथे सोडून घरचं बघायला आल्या असतील. बायकांना राहवतं कुठे? आपल्या हातून निभावलं नाही हे त्यांनी पाहिलं, याचाच त्याला राग आला.

त्याने किचनमधूनच आवाज चढवला.

"आलात ना? मग घ्या त्याला. तुम्हीच न्या एकदाचं, माझं डोकं उठलंय."

थोपटणं क्षणभर थांबलं.

मग परत सुरू झालं... थप... थप...

रविराजने गॅस बंद केला. भरलेली बाटली ओट्यावर तशीच ठेवली, हॉलमध्ये येऊन सोफ्यावर पाय ताणले आणि वर्तमानपत्र तोंडावर घेतलं. बाईमाणूस घरात आलं, आपली सुटका झाली. ऋचा आतल्या खोलीच्या दारात मांडी घालून बसली होती. गुपचूप, आत बघत.

त्याला झोप लागली.

दोनला फोन वाजला. हर्षालीचा होता, दवाखान्यातून. सलाईनची दुसरी बाटली आत्ता कुठे लावलीय, अजून दीड तास जाईल. बाळ प्यायलं का?

झोपेतच रविराज म्हणाला, मला काय विचारतेस, तुझ्या आईला विचार. त्याच बसल्यात त्याला घेऊन.



"आई इथे आहे," हर्षाली म्हणाली. "माझ्या शेजारी बसलीय. सकाळपासून हललेली नाही."

रविराज उठून बसला.

लाईट अजून आलेली नव्हती. घरात कसलाही आवाज नव्हता.

एक सोडून.

थप... थप... थप...

हर्षाली विचारत होती, काय झालं, बोला ना. तो काही नाही म्हणाला आणि फोन ठेवून दिला. भीती वाटतेय हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याने दाराकडे पाहिलं.

कडी आतून होती. त्याने घातलेली. तशीच.

हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत सहा पावलं आहेत. ती सहा पावलं तो किती वेळ चालत होता हे त्याला आजही माहीत नाही. प्रत्येक पावलाला थोपटणं ऐकू येत होतं. दारातल्या ऋचाने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"श्श..."

त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि आवाज थांबला.

खोलीत कोणी नव्हतं.

झोळी रिकामी होती.

बाळ खाली होतं, पलीकडच्या भिंतीपाशी, फरशीवर. दुपट्यात घट्ट बांधलेलं. त्या घरात कोणालाच तसं बांधता येत नव्हतं. रविराजने झडप घालून त्याला उचललं. फरशी गार होती, पण बाळाची पाठ ऊबदार होती... नुकतंच कोणाच्या तरी मांडीवरून उतरवल्यासारखी.

पोट टम्म भरलेलं. ओठांच्या कडेला दूध.

ओट्यावरची बाटली काठोकाठ भरलेली होती. बुचसुद्धा उघडलेलं नव्हतं.

त्याने ऋचाला विचारलं, इथे कोण होतं? आजी, ती म्हणाली. कोणती आजी? बाळाची आजी. मग तिने त्याच्याकडे नीट बघून, पाठ केल्यासारखा एकेक शब्द म्हटला...

"बापाला काय जमत नाय. दिलंय त्यानं. मी नेते."

अडीच वर्षांची ऋचा त्याला 'बाबा' म्हणायची. 'नाय' त्या घरात कोणी म्हणत नसे.

रविराज दोन्ही पोरांना घेऊन गॅलरीत गेला आणि एप्रिलच्या उन्हात अनवाणी उभा राहिला. आत पाऊल टाकायची त्याची छाती झाली नाही. बाळ त्याच्या हातात आल्यापासून किंचाळत होतं, अंग ताठ करून, परक्याने उचलावं तसं. खालून जाणारे वर बघून हसत होते. हर्षालीची रिक्षा आली तेव्हा चार वाजले होते.

त्या संध्याकाळी बाळाने आईचं दूध तोंडात धरलं नाही. त्याला भूकच नव्हती.

रविराजने बायकोला सांगितलं. तिला हसता आलं असतं. ती हसली नाही.

"मी दहा दिवस सांगत होते," एवढंच ती म्हणाली, आणि बाळाला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी कुसाबाई आली. तिने बाळाला पाटावर घेण्याआधी दुपटं सोडलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि रविराजला बाजूला बोलावलं. तो कधी नव्हे तो मुकाट गेला.

"दादा, खरं बोला," ती हळूच म्हणाली. "ती थोपटनारी आपल्या मनानं नेत नाय. तुम्ही तिला 'घे' म्हनलात का?"

हर्षाली दारात उभी होती. दोघींच्या नजरा त्याच्यावर होत्या.

"नाही," रविराज म्हणाला.

कुसाबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडाला लागलेलं खरकटं बघावं तसं.

"मंग बरंय," ती म्हणाली. "म्हनला असता तर मागून घ्यावं लागलं असतं. ज्यानं दिलं त्यानंच."

कसं मागायचं, कोणाकडे... हे विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं. त्याने विचारलं नाही. कुसाबाईने त्या आठवड्यानंतर ते घर सोडलं. कारण सांगितलं नाही.

महिन्याभरात त्यांनी फ्लॅट बदलला. आज, २००९ साली, मुलगा सहा वर्षांचा आहे. खातो, खेळतो, शाळेत जातो. डॉक्टरांना त्याच्यात कधीच काही सापडलं नाही. रविराजने कारखान्यात रात्रपाळी मागून घेतली आहे, म्हणजे दुपारी घरी राहता येतं. मुलगा झोपलेला असतो, रविराज उशाशी जागा बसतो. शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देतात. बाप असावा तर असा.

त्या दुपारचं सगळं त्याने हर्षालीला सांगितलं आहे. कडी, बांगड्या, झोळी, ऋचाला दिसलेली आजी.

किचनमधून म्हटलेलं स्वतःचं एक वाक्य सोडून.