मेंदूच्या सालीवरचा रिकामा भूखंड

यंत्रानं पुन्हा विचारलं, “समोर बसलेली व्यक्ती कोण?”

रत्नमालाबाईंनी डोक्यावरची तारांची टोपी सावरली, तिच्यावरून पदर सारखा केला आणि समोर बघून म्हणाल्या, “हे.”

“सर्वनाम,” यंत्र म्हणालं. “उत्तर अमान्य.”

‘हे’ म्हणजे त्यांचे यजमान, प्रल्हादराव. त्यांनी कपाळावर हात मारला. बायकोच्या मेंदूत गुठळी झाली, तिची वस्तूंची नावं गेली, इथपर्यंत त्यांनी सोसलं होतं. चमच्याला ‘ते ढवळायचं’ म्हणून निभावता येतं. पण सांगलीतलं हे उपचार केंद्र गाठून, यंत्रासमोर बसून, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायचं?

“अगं, घे की नाव!”

“चारचौघांत?”

“चारचौघं कुठं आहेत? एक डॉक्टर आणि एक डबा!”

डॉक्टर श्रेया आवटी हसू दाबत पडद्याकडे वळल्या. पडद्यावर बाईंच्या मेंदूची साल पसरली होती. दोन-तीन मिलिमीटर जाडीची, सहा थरांची, घड्या घालून कवटीत कोंबलेली. तिच्यावर प्रत्येक कामाला आपापली जागा. अंगठ्याच्या शेजारी चेहरा, माणसांच्या नावांच्या मागे वस्तूंची नावं. हे वाटप कुणी केलं ठाऊक नाही. पण सात-बाऱ्याशिवाय ते आजवर बिनबोभाट चाललं होतं. आता हे यंत्र आलं होतं. सालीवरची पडीक जागा शोधायची आणि सौम्य विजेनं तिला गरजू शेजाऱ्याचं काम शिकवायचं, हे त्याचं काम.

“बाईंच्या सालीवर माणसांच्या नावांचा हा कप्पा आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “यात काकांचा तुकडा अंधारा दिसतोय. नाव आलं नाही, तर यंत्र तो वस्तूंना देईल.”

“कुठल्या वस्तूंना?”

“झारा, उलथनं, सांडशी,” यंत्रानं तत्परतेनं सांगितलं.

“माझ्या जागी उलथनं?” प्रल्हादराव ओरडले. “आणि दिल्यावर?”

“तुम्हाला बघून त्यांना तुम्ही कोण ते कदाचित सुचणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

खोलीतला विनोद एकदम संपला. बाईंनाही ते कळलं. त्यांनी डोळे मिटले, लग्नातला उखाणा आठवला आणि घडाघडा म्हटला,

“कवठाच्या झाडाखाली सावली गारगार,
प्रल्हादरावांचं नाव घेऊन ओलांडते दार.”

प्रल्हादरावांनी विजयी मुद्रेनं पडद्याकडे पाहिलं. उजवा अर्धा मेंदू लखलखला होता. डावीकडचा तुकडा तसाच काळा.

“गेय पाठांतर,” यंत्र म्हणालं. “अमान्य. वाटप सुरू करत आहे.”

“अमान्य? तुझ्या बापानं...” प्रल्हादराव उठले. जन्मभर सोसायटीच्या सभेत नियमांवर बोट ठेवणारा माणूस थेट भिंतीतल्या वायरीला हात घालायला धावला.

“अहो! शॉक बसेल!” बाई किंचाळल्या.

पडद्यावर तो काळा तुकडा दिवाळीसारखा उजळला.

डॉक्टरांनी झटकन वाटप थांबवलं. उजळलेल्या तुकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “काकू, मला म्हणा, ‘अहो डॉक्टर’.”

“अहो डॉक्टर.”

तुकडा काळा.

“आता यांना.”

“अहो,” बाई हळूच म्हणाल्या. पुन्हा लखलखाट.

“काका, ‘प्रल्हाद’ त्यांना नुसतं पाठ आहे. तुमचं नाव ‘अहो’ आहे. सालीवर तुमच्याच जागेत बसलंय ते. दुसऱ्या कुणाला म्हटलं तर तिथं दिवाही लागत नाही.” त्यांनी यंत्राला नवा शब्द शिकवला.

“नोंद घेतली,” यंत्र म्हणालं. “विशेषनाम: अहो. भूखंड वापरात. उलथन्यासाठी दुसरी जागा शोधतो.”

प्रल्हादराव खुर्चीत बसले. “बघितलंस? उगाच जीव टांगणीला लावलास.”

बाईंनी टोपी काढली आणि ती डॉक्टरांच्या हातात दिली.

“आता ह्यांना घाला.”

“मला कशाला? मला काय झालंय?”

“लग्न झाल्यापासून मला ‘अगं’ म्हणताय. भाजीवालीला अगं, भाचीला अगं, मांजरीलासुद्धा अगं. बघू तरी, मी कुठं राहते ते.”

डॉक्टरांनी टोपी त्यांच्या टकलावर बसवली. पडद्यावर प्रल्हादरावांची साल उलगडली. बाई पुढे सरकून निरखू लागल्या.

“म्हणा, काका.”

प्रल्हादरावांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घरात ‘अगं’च्या पाठोपाठ आजवर काय काय आलं ते त्यांना एकाएकी आठवलं होतं. चहा. टॉवेल. चष्मा. पुन्हा चहा.

आता हा शब्द उच्चारला, आणि माणसांच्या कप्प्याऐवजी चहाच्या चवीचा कप्पा उजळला तर?