डोंगापुऱ्यात 'येतो' म्हणत नाहीत

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आबाजींची, म्हणजे आजोबांची आहे. आणि आबाजींना थाप मारता येत नसे. एकदा वसुलीवाला आला तेव्हा आजीने सांगितलं, "घरी नाई म्हना." आबाजी स्वतः दारात गेले आणि म्हणाले, "मी घरी नाई."

तर अशा माणसाची ही गोष्ट.

साल एकोणीसशे छप्पन्न. पौषातली थंडी. गाव चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर.

आणि जागा... डोंगापुरा.

चांद्याच्या परकोटाला मोठ्या वेशी आहेत, तशा माणूस वाकून जाईल एवढ्या लहान वाटाही आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात. अशाच एका खिडकीतून खाली उतरलं की झरपट नदीच्या काठाने ढिवरांची वस्ती लागायची. डोंगे, म्हणजे लाकडी होड्या चालवणारी, मासे धरणारी माणसं. खुद्द चांद्याच्या लोकांना ती वस्ती धड माहीत नव्हती. पत्ता विचारला तर म्हणत, "खाले असंन कुठीतरी."

आबाजी, म्हणजे गुणवंत, तेव्हा ऐन विशीतला. ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावातून आलेला. नगरपालिकेत दिवाबत्तीच्या कामाला लागला होता. मोठ्या रस्त्यावर वीज आली होती, पण डोंगापुऱ्यात अजून खांबांवर रॉकेलचे कंदील होते. गडी नवा, म्हणून मोहल्ला त्याच्या गळ्यात पडला. खांद्यावर शिडी, हातात रॉकेलचा डबा.

उन्हाळ्यात त्याचं लग्न होतं. मुलगी मनकर्णा. बघायला गेला तेव्हा लाजेने त्याची मानच वर झाली नाही. त्याने फक्त तिच्या हातातली पोह्याची बशी पाहिली. लग्नापर्यंत चांद्यात काढायचं आणि मग नोकरी सोडून घरी जायचं, एवढाच त्याचा बेत.

पण तोवरच एकटेपणाने जीव नकोसा झाला.

डोंगापुऱ्यात कुणी बोलेना. कंदील पेटला की लोक कंदिलाकडे बघत, त्याच्याकडे नाही. एका बकरीशी ओळख झाली होती. तीही कुणाच्या तरी पाहुण्यांच्या पोटात गेली.

आणि तिथली एक रीत त्याला फार खटकायची.

निघताना कुणीही "येतो" म्हणत नसे.

आपल्याकडे दारातून निघताना "जातो" म्हटलं तर माय थोबाडीत मारते. इथे लेक सासरी निघाली तरी म्हणायची, "जातो मा." आणि माय म्हणायची, "जाय."

शेवटचा कंदील अगदी नदीला लागून होता. तिथे एकच घर. दार नेहमी बंद. ओसरी मात्र रोज सारवलेली.

एका संध्याकाळी त्याने तो कंदील पेटवला. शिडीवरून उतरतो, तोच मागून आवाज आला...

"जेवला का गा?"

ओसरीवर एक म्हातारी बसली होती.

चांद्यात आल्यापासून हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. गुणवंतने रॉकेलचा डबा खाली ठेवला. "नाई, बाई," तो कसाबसा म्हणाला.

सुगंधाबाई तिचं नाव. तिने पळसाच्या पानावर तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. त्याच्या गावाचं विचारलं, मायचं विचारलं, होणाऱ्या बायकोचं विचारलं.

"दिसाले कशी हाये रे पोरगी?"

"बशी चांगली होती," गुणवंत म्हणाला.

म्हातारी हसली. लय वर्षांनी हसल्यासारखी, जरा अडखळत.

आतल्या अंधारात बांगड्या किणकिणल्या...

म्हातारीच्या हातात एकही बांगडी नव्हती.

निघताना तो सवयीने म्हणाला, "येतो, बाई."

म्हातारीचं हसू थांबलं.

"खरंच येशीन?"

"हव. येतो नं."

दूर एक कुत्रं भुंकत होतं. ते गप्प झालं. मग नदी गप्प झाली. म्हणजे पाणी वाहत होतं... फक्त आवाज नव्हता.

तो रोज जाऊ लागला. तिच्या घरी चूल पेटलेली कधी दिसली नाही, भाकर मात्र गरम असे. सारवणावर त्याच्याशिवाय कुणाची पावलं नसत. जेवणाऱ्याने चूल शोधत बसू नये, असं गुणवंतचं मत होतं.

एक दिवस झिंगूने त्याला परकोटाच्या खिडकीपाशी गाठलं. झिंगू डोंगा चालवायचा. आजवर त्याने गुणवंतकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

"दिवेवाले भाऊ, रोज त्या ओसरीवर एकटाच काऊन बोलत बसते गा तू?"

"एकटा कुठी? सुगंधाबाई असते नं."

झिंगूच्या तोंडातली बिडी खाली पडली. त्याने ती उचलली नाही.

"निंगताना तिले काय म्हनतं?"

"येतो म्हनतो. आनखी काय म्हनाव?"

झिंगूने त्याला खाली बसवलं. मग त्याने सांगितलं.

सुगंधाबाईचा एकुलता पोरगा पुराच्या दिवशी डोंगा घेऊन निघाला. "येतो मा" म्हणाला. आला नाही. म्हातारी ओसरीवर वाट पाहत बसली, आणि वाट पाहतच मेली. पण बसायचं काही तिने सोडलं नाही. चुकून कुणाचा "येतो" तिच्या कानावर पडू नये, म्हणून अख्ख्या डोंगापुऱ्याने तो शब्दच टाकला.

"मांगं एक बांगड्यावाला तिले येतो म्हनला होता," झिंगू म्हणाला. "लय भला मानूस. तिकडं लांब सिरोंच्याचा."

"मंग? मेला?"

"मराले काय झालं त्याले? सिरोंच्याले बायकापोरांत हाये."

"मंग वापस आला नाई नं तो?"

"येते नं. रोज येते."

"सिरोंच्याहून?"

"तिकडंबी हाये, इथीबी येते. त्याची बायको पाहाले आली होती एकडाव. म्हने, घरी असते, पन पुरा नसते."

गुणवंतला हसू आलं. झिंगूला आलं नाही. मग गुणवंतचंही गेलं.

"आता कसं करू गा झिंगूभाऊ? माहं लगन हाये."

"मंग आजच जाय. अन् तिच्या तोंडावर 'जातो' म्हन. शबूद वापस घे."

दिवे लागायच्या वेळी तो गेला. पान मांडून ठेवलेलं होतं. गुणवंत ओसरीवर चढला नाही. अंगणातच उभा राहिला.

"आला गा? बस नं."

"बाई, उन्हाळ्यात लगन हाये माहं..."

"मालूम हाये नं. तिलेबी घेऊन ये. दोघं जेवजा."

तो एक पाऊल मागे सरला. तरी जीभ वळेना. या एवढ्या शहरात त्याची विचारपूस करणारं हे एकच माणूस. आणि तेही माणूस नाही.

"जातो, बाई," तो म्हणाला.



ती किंचाळेल, असं त्याला वाटलं. तिने नुसती मान हलवली. "जाय बापू. सुखानं जाय."

आणि ती पानावर भाकर वाढू लागली.

"मंग हे कोनाले वाढून राह्यली?" त्याने विचारलं.

विचारायला नको होतं.

"ह्याले."

तिच्या बाजूला, खांबाच्या सावलीत, कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. भिंतीला शिडी टेकवलेली होती. गुणवंतने आपल्या खांद्याला हात लावून पाहिला. त्याची शिडी त्याच्याच खांद्यावर होती.

सावलीतल्याने भाकरीचा तुकडा मोडला. चटणीला लावला. तोंडात घातला...

चव गुणवंतच्या जिभेवर आली.

दुसऱ्या दिवशी त्याने नोकरी सोडली. उन्हाळ्यात लग्न झालं. शेती झाली, पोरं झाली, मग आम्ही नातवंडं.

पण रोज दिवेलागणीला आबाजी बोलता बोलता थांबायचे. हातातली बिडी हातातच. हाक मारली तर ऐकू येत नसे. ओठ तेवढे हलत, आणि मधूनच ते हसत. थोड्या वेळाने भानावर येऊन म्हणत, "मले भूक नाई."

मनकर्णाआजी जन्मभर रात्रीचं एकटी जेवली.

"सवत असती त झिंज्या धरल्या असत्या," ती म्हणायची. "इथी कोनाच्या धरू?"

मागच्या हिवाळ्यात आबाजी गेले. भरदुपारी, चारचौघांसारखे. तेराव्याला सगळे पाहुणे पांगल्यावर आजी मला म्हणाली, "मले चांद्याले ने."

"काऊन आजी?"

"इथचा गेला. तिथच्याले कोनी सांगतलं?"

मी हसलो. ती हसली नाही.

तेव्हापासून मी टाळतोय. बस बंद आहे म्हणालो. मला ताप आहे म्हणालो. एकदा तर चांदाच बंद आहे म्हणालो. ती ऐकून घेते, आणि संध्याकाळी केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून दारात बसते.

तो तिथे नसेल, याची मला भीती नाही. असला तर... तो अजून विशीतला असेल. त्याचं लग्न व्हायचं असेल. ही म्हातारी समोर उभी राहिली, तर तो तिला काय ओळखणार?

शेवटी हे मी तिला बोलून दाखवलं. तिने लुगड्याचा पदर नीट केला.

"नाई वळखलं त काय झालं?" ती म्हणाली. "इथच्यानं तरी कुठी वळखलं होतं?"

काल ती शेजारच्या लच्छूला बसची वेळ विचारत होती.

फक्त जाण्याची.