प्रश्न सातवा

झेरॉक्सच्या यंत्रात अक्षर फिकट होतं. कागद वाकडा गेला तर ओळ तिरपी येते, कधी कडेचा शब्द कापला जातो. पण शब्द बदलत नाही. एकोणीस वर्षं हे दुकान चालवते आहे, एवढं मी कुणालाही लिहून देईन.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं काउंटरमागे उभ्याउभ्या झालं. समोर तीन शिकवणी वर्ग, त्यांच्या नोट्स माझ्याच यंत्रातून जायच्या, आणि प्रती निघत असताना माणसाने करायचं काय, तर वाचायचं. वर्गसमीकरण मला समजलं ते पंचाहत्तर प्रती निघेपर्यंत. संभाव्यतेला मात्र दोन वर्षं लागली.

माझ्या मुलीला घरात पेन्सिल म्हणतात. उंच, बारीक, टोक मोडलं की पुन्हा करून घेणारी. एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सोडून तिने लग्न केलं, सव्विसाव्या वर्षी एका पिशवीनिशी परत आली. जावई फरशी बसवतो. कामात फार नीट. फरशी समतल आहे का ते बघायला त्याच्याकडे एक पाणसळ असते, दोन फुटी ॲल्युमिनियमची, मध्ये बुडबुडा असलेली. तिच्या दोन कडांचे वण पेन्सिलच्या पाठीवर आहेत. भूमितीत समांतर रेषांचं पान आलं की ती ते न वाचता उलटायची.

सोमवारी तिची प्रवेश परीक्षा होती. प्रयोगशाळेच्या कामाचा अभ्यासक्रम, दुसऱ्या शहरात. तिथे वसतिगृह, वसतिगृहाला फाटक आणि फाटकावर पहारेकरी. गणितात पास होणं एवढंच काय ते मध्ये होतं.

परीक्षेच्या आदल्या सोमवारी कुणीतरी एक पुस्तिका यंत्राच्या काचेवर विसरून गेलं. ‘उजळणी: बीजगणित, भूमिती, तर्क, संभाव्यता. प्रश्न चाळीस.’ वर नाव नाही, गाव नाही. संध्याकाळपर्यंत कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा मी पेन्सिलसाठी एक प्रत काढली. उत्तरांचं पान कापून मूळ पुस्तिकेसोबत दुकानाच्या खणात ठेवलं. उत्तर आधी बघायची तिची लहानपणापासूनची खोड.

मंगळवारी दुकानाच्या वरच्या आमच्या खोलीत ती वाचत होती, मी कपड्यांच्या घड्या करत होते.

“प्रश्न सातवा. एक माणूस अ या घरातून ब या घराकडे चालत निघाला. अंतर अठरा किलोमीटर, वेग ताशी साडेचार. तो किती वेळात पोहोचेल? चार तास. आई, हा बाबा मध्ये कुठे चहाबिहा पीत नाही का?”

“प्रश्नात लिहिलेलं नाही ते धरायचं नाही.”

“झाडामागेही नाही जात?”

“पुढचा सोडव.”

गुरुवारी ती पुस्तिका घेऊन खाली दुकानात आली. समासात तिच्या अक्षरात अठरा भागिले साडेचार, उत्तर चार. आणि छापील ओळीत अंतर नऊ किलोमीटर.

“तू पान बदललंस का?”

“मला दुसरे उद्योग नाहीत का?” मी चष्मा पुसला. खणातली मूळ पुस्तिका काढली. तिथेही नऊ. “तू अठरा कुठून आणलेस?”

“इथूनच.” तिने त्या नऊवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “त्याचं घर इथून अठरा किलोमीटर आहे, आई.”

एकोणिसावा प्रश्न जिन्याचा होता. सतरा पायऱ्या, प्रत्येकीची उंची अठरा सेंटिमीटर, रुंदी पंचवीस. जिन्याची तिरपी लांबी काढा. पेन्सिलने दुकानातली पोलादी पट्टी उचलली आणि आमच्या जिन्यावर एकेक पायरी मोजत वर गेली.

“सगळे जिने याच मापाचे बांधतात,” मी खालून म्हटलं.

“सतराच पायऱ्यांचे?” तिने वरून विचारलं.

मी पुस्तिकेची प्रत उचलून रद्दीच्या पेटीत टाकली. तिने येऊन ती बाहेर काढली, वळलेला कोपरा सरळ केला.

“राहू दे. निदान कळतं तरी, कुठवर आलाय.”

मी चौकीला फोन लावला. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. “बाई, गणिताच्या पुस्तकातून धमकी आली, असं लिहू का?” मग जरा मऊ होऊन म्हणाला, “तुमची जुनी तक्रार आहे आमच्याकडे. दार लावून बसा. बघतो.”

शनिवारी अंतर साडेचारशे मीटर होतं. म्हणजे सहा मिनिटं. तिने पान उलटलं. आम्ही शेवटचे दोन भाग घेतले, कारण परीक्षा काही कुणासाठी पुढे जाणार नव्हती.

तर्काचा एकतिसावा प्रश्न असा: ‘दार उघडं असेल तर तो आत येतो. दार उघडं नाही. यावरून कोणता निष्कर्ष निघतो?’

पेन्सिलने लिहिलं, तो आत येत नाही. मी लाल पेनने बरोबरची खूण केली, उठले आणि दाराची वरची कडीही घातली. फार दिवसांनी बरं वाटलं.

चाळिसावा तिने दोनदा वाचला. ‘एका खोलीत तिघे जण आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या हातात २.३ किलो वजनाची लोखंडी वस्तू आहे. चार घाव घातले जातात. तिघांपैकी किमान एकाचा मृत्यू होण्याची संभाव्यता काढा.’

“प्रत्येक घावाची संभाव्यता दिलेलीच नाही,” ती म्हणाली. “प्रश्न अपुरा आहे.” तिने जागा कोरी सोडली. तिच्या मानेवर घाम होता.

त्याच संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई जिन्यात भेटल्या. उद्यापासून न्हाणीघराची फरशी बदलणार, ठोकठोक चालेल, राग मानू नका, म्हणाल्या. “रविवारीही येतो म्हणाला हो मिस्त्री. बोलत नाही फार, पण मोजूनमापून काम.”

मी वर येऊन दोन्ही कड्या तपासल्या. मग मी शिकलेल्या बाईसारखी वागले. कॅलेंडरच्या मागे मांडणी केली: शहरात फरशीवाले निदान चारशे. त्यांतला नेमका तोच असण्याची संभाव्यता, एक भागिले चारशे. एवढ्याशासाठी मुलीला परीक्षेच्या तोंडावर घाबरवायचं? मी तिला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी दहाला ठोकठोक सुरू झाली. रबरी हातोडा, तीन ठोके, मग शांतता, पुन्हा तीन ठोके. पेन्सिल भिंतीला पाठ लावून बसली होती. दर तिसऱ्या ठोक्याला तिचे खांदे किंचित वर जायचे. ते तिला स्वतःला कळत नव्हतं.

“झोप लागली नाही का गं?”

“लागली की. उत्तरं आण ना आता. किती चुकलंय ते कळू दे.”

दुपारचे तीन वाजले होते. गॅलरीत कपडे वाळत होते. मी बाहेर पडले, तिने आतून दोन्ही कड्या घातल्या, तो आवाज मी नीट ऐकला. खाली येऊन शटर अर्धं वर केलं, खण उघडला.

उत्तरांच्या पानावर एकतिसावं आधी पाहिलं. आमचं बरोबर आलेलं एखादं बघून बरं वाटावं म्हणून.

‘३१. कोणताही निष्कर्ष निघत नाही.’

दार उघडं असेल तर तो येतो. दार बंद असेल तर काय, हे कुणी सांगितलंच नव्हतं. खूण माझीच होती, लाल.

खाली, ‘४०. उत्तर: १.’ म्हणजे नक्की.

मूळ पुस्तिका शेजारीच होती. मी सातवा प्रश्न उघडला. अंतर २३ सेंटिमीटर.

मला वाटलं, छपाईची चूक. तेवीस सेंटिमीटर चालत कोण जातं? तेवीस सेंटिमीटर म्हणजे नऊ इंच. नऊ इंच म्हणजे आमची आणि शेजारची भिंत.

ठोके थांबले होते. केव्हापासून, ते मला सांगता येईना.

काउंटरवर मोठा स्टेपलर होता. शंभर पानं एका दणक्यात शिवणारा, जुना, ओतीव लोखंडाचा. तो घेऊन मी सतरा पायऱ्या चढले.

दार बंद. दोन्ही कड्या. आतून पत्र्यावर ओली चादर आपटावी तसा आवाज आला. मग पुन्हा. पेन्सिल ओरडत नव्हती. ओरडलं की जास्त बसतात, हे तिने मला कधीच सांगितलं होतं.

शेजारचं दार नुसतं लोटलेलं होतं. “मिस्त्री गॅलरीत गेला वाटतं,” बाई म्हणाल्या. अर्धी बसलेली फरशी, ओलं सिमेंट, गॅलरी. मधला कठडा कमरेएवढा. मी बावन्न वर्षांची आहे. कसा ओलांडला ते आठवत नाही.

वाळत घातलेली चादर बाजूला झाली.

तो पाठमोरा होता. एक गुडघा तिच्या पाठीवर. तिच्या डाव्या हाताची बोटं उलटीकडे वळलेली. पाणसळ वर गेलेली, आणि तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्यभागी.

मी त्याच्या कानामागे मारलं.

तो वळू लागला. मी पुन्हा मारलं. काहीतरी आत गेलं, पिकल्या भोपळ्यासारखं.

मग पुन्हा.

पुन्हा.

“आई.” ती फरशीवर गाल टेकवून पडली होती, ओठ फुटलेला. “पुरे. चार झाले.”

मी मोजत नव्हते. ती मोजत होती.

तोच हवालदार आला. माझ्याकडे बघायचं टाळत त्याने स्टेपलर प्लास्टिकच्या पिशवीत घातला. चौकीत त्याचं वजन करून चिठ्ठी लावली. मी ती उलटी वाचली. दुकानदारीत उलटं वाचायची सवय होतेच. २.३ किलो.

पेन्सिल सकाळी हाताला प्लास्टर घालून परीक्षेला बसली. उजवा हात शाबूत होता. त्याच्या मृत्यूची चौकशी दोन महिने चालली, शेवटी स्वसंरक्षण असं लिहिलं गेलं. तिचा निकाल त्याआधीच लागला होता. गणितात शंभरात त्र्याण्णव.

काल मी तिला वसतिगृहात सोडून आले. फाटक चांगलं उंच आहे. पहारेकरी म्हातारा असला तरी डोळे शाबूत आहेत. निघताना ती म्हणाली, “आता तू पण बस परीक्षेला. माझ्यापेक्षा तुलाच जास्त येतं.” बसमध्ये मी तिकीट बघत आले. दोनशे सोळा किलोमीटर.

आज सकाळी दुकान उघडलं. मूळ पुस्तिका खणात असायची, ती यंत्राच्या काचेवर होती. झाकण उघडं.

‘प्रश्न सातवा. एक माणूस ब या घरातून क या इमारतीकडे चालत निघाला. अंतर २१६ किमी. वेग ताशी ४.५ किमी. तो किती वेळात पोहोचेल?’

मी कागद घेतला, भागाकार केला. अठ्ठेचाळीस तास. खणातून उत्तरांचं पान काढून ताडून पाहिलं. या वेळी माझं बरोबर आलं होतं.

मग प्रश्न पुन्हा वाचला, शब्द न शब्द. तो मध्ये कुठे थांबतो, असं त्यात लिहिलेलं नाही.