साक्षीला न चालणारा माणूस

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात सृष्टी एका शेळीच्या दातांवरून व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "लंकाबाईंचं घर कुठं आलं हो?"

तिनं वळून पाहिलं. पांढरा शर्ट, हातावर काळा कोट, बुटांना शेण... आणि डोळे असे, की शेळीचा भाव कुठवर आला होता तेच बया विसरली.

"काय काम आहे?"

"ते लंकाबाईंनाच सांगीन."

"मी त्यांची भाची आहे."

"मग तर अजिबातच सांगणार नाही," असं म्हणून तो चक्क हसला.

अस्सा राग आला तिला! आणि ते हसू आपल्याला आवडलं, त्याचा राग वेगळाच.

तो ओंकार. श्रीगोंद्यात नुकतीच वकिली सुरू केलेला. लंकाबाईंनी त्याला मृत्युपत्र करायला बोलावलं होतं. बाई अठ्ठ्याहत्तरच्या, पोटी मूलबाळ नाही, नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झालेली. आईविना राहिलेल्या भाचीला त्यांनीच दहाव्या वर्षापासून सांभाळलं. आता उलट झालं होतं. इन्सुलिनची सुई टोचण्यापासून गुडघ्याला तेल चोळण्यापर्यंत सगळं सृष्टीच करायची. पुण्याचा पुतण्या सहादेव मात्र फोनवर एकच धोशा लावून होता, "काकू, घर विकू, तुम्हाला चांगल्या वृद्धाश्रमात ठेवतो."

"मला ह्याच घरात मरायचंय," बाई म्हणायच्या. "माझी सुदबुद शाबूत हाय तवरच कागद करून ठिवते. मी आजारी पडले तर कुनाचं ऐकायचं, मागं कुनाला काय द्यायचं, समदं."

सृष्टीनं तोवर तीन स्थळं नाकारली होती. आपण सासरी गेलो तर सहादेव आत्याला उचलून नेईल, ही धास्ती. मग लग्नाचं नावच काढायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. केलं होतं म्हणजे... त्या शनिवारपर्यंत.

पहिल्याच दिवशी ओंकारनं तिला खोलीबाहेर काढलं. "तुम्ही जरा बाहेर थांबा." आपल्याच घरात! ती गोठ्यात जाऊन शेळीपुढं पुटपुटत बसली. पण पुढचा शनिवार कधी येतो, म्हणून दिवस मोजायला लागली हेही तितकंच खरं.

पुढच्या शनिवारी तो आला, आणि मोटारसायकलवर त्याच्या मागं कोण? डॉक्टर रेश्मा! निळा ड्रेस, मोकळे केस, हात ओंकारच्या खांद्यावर. लंकाबाईंची बुद्धी ठिकाणावर आहे असा दाखला द्यायला आल्या होत्या म्हणे. सृष्टीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दाखला द्यायला खांदा कशाला धरावा लागतो?

ती पुन्हा बाहेर, आणि रेश्मा आत! आतून हसण्याचा आवाज आला. सृष्टीनं चहा टाकला. ओंकारच्या कपात चार चमचे साखर, रेश्माच्या कपात एक दाणाही नाही.

निघताना तो ओसरीवर रेंगाळला. "चहा फार गोड झाला होता..."

"मग डॉक्टरीणबाईंना विचारा, तुम्हाला चालतो का."

"त्यांना कशाला? तुम्ही सांगा ना."

"मला इथं कोण विचारतंय? मला तर दाराबाहेर उभं करता."

"तुमच्या भल्यासाठीच—"

"माझं भलं माझं मी बघीन!"

तो तिच्याकडं बघत राहिला, काहीतरी बोलणार होता... पण रेश्मानं गाडीचा हॉर्न वाजवला. मेली!

तिसऱ्या शनिवारी सह्या व्हायच्या होत्या. साक्षीदार दोन. एक रेश्मा, दुसरा शेजारचा छगन. पण नेमकी त्याच दिवशी छगनच्या उसाला तोड आली. टोळी फडात शिरल्यावर तो कसला येतो? चहाच्या ट्रेबरोबर तो निरोप घेऊन सृष्टी आत गेली, तर रेश्मा ओंकारच्या कोटावरचा धागा काढत होती.

"छगनदादा संध्याकाळपर्यंत येत नाही," सृष्टी ठसक्यात म्हणाली. "तुम्हीच करा की सही, वकीलसाहेब. डॉक्टरीणबाईंच्या शेजारी तुमचं नाव शोभूनही दिसेल."

रेश्मानं ओठ दाबून हसू आवरलं. ओंकार कानापर्यंत लाल झाला.

"मला नाही करता येणार."

"का रं?" लंकाबाईंनी विचारलं. "तुला काय झालं?"

"ज्याला मिळायचंय, त्याच्या घरच्या माणसानं साक्षीला राहू नये, आजी. उद्या सहादेवनं कोर्टात बोट ठेवलं तर? म्हणूनच ह्यांना बाहेर बसवत होतो. दबाव टाकून लिहून घेतलं, असं कुणी म्हणायला नको."

"व्हय, घर आन् उसाचं रान समदं सृष्टीलाच देनार हाय मी, लपवायचं काय त्यात! पन तू कुठं आमच्या घरचा?"

ओंकारनं घसा खाकरला. "अजून... नाही."

सृष्टीनं हातातला ट्रे सरळ आत्याच्या अंथरुणावरच ठेवला.

"म्हणून तर कागदही मी लिहिला नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "पहिल्या भेटीनंतरच माझ्या सिनियरांना सांगितलं, हे काम माझ्याच्यानं निर्मळ मनानं व्हायचं नाही. मसुदा त्यांचा आहे."

"आणि माझं लग्न फाल्गुनात आहे, राहुरीच्या मुलाशी," रेश्मा म्हणाली. "हा माझा मावसभाऊ. रस्ताभर तुझंच पुराण ऐकून कान किटलेत. त्याच्यापायी तुझा बिनसाखरेचा चहासुद्धा प्यायले, बाई!"

सृष्टीचे गाल तापले. इतके दिवस जळून जळून जीव अर्धा केला, तो कुणासाठी, तर त्याच्या बहिणीसाठी! हसू येत होतं, रडूही येत होतं. पण बोलली ती वेगळंच.

"मी आत्याला सोडून कुठंही येणार नाही."

"कोण म्हणतंय या? श्रीगोंदा इथून अर्ध्या तासावर. मी इथून जाईन-येईन. आईला सांगितलंय. दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, पोरगी तरी दाखव." त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागद पुढं ओढला. "पण माझा गैरसमज झाला असेल... तुमच्या मनात तसलं काहीच नसेल, तर मी परकाच. आत्ताच्या आत्ता साक्षीदार म्हणून सही करतो. छगनची वाट बघायलाच नको."

पेनाचं टोक कागदावर टेकणार, एवढ्यात सृष्टीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"खबरदार सही केलीत तर!"