शामकांतांनी दिलेला शब्द

प्रेमलाच्या वर्षश्राद्धाला घाटावर जायचं, पिंड ठेवायचा, कावळा शिवला की घरी येऊन जेवायचं. तासाभराचं काम. पण ऊन डोक्यावर आलं तरी कोल्हारच्या घाटावरचे कावळे पिंडाकडे ढुंकूनही बघेनात.

"दहाव्याला तुमी पुढं जाऊन कायतरी पुटपुटला, आन् लगीच शिवला हुता," शेजारी भिमाजी म्हणाला. "बाईंना कायतरी कबूल केलं आसंल. तेच ऱ्हायलं आसंल."

"काय पुटपुटलो?"

"ते न्हाई ऐकू आलं."

शामकांतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको गेल्यावर त्यांनी अंथरूण धरलं. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. महिन्याभरानं याच घाटावर गळाभर पाण्यातून लोकांनी त्यांना ओढून काढलं, असं मुलगी मनवा सांगते. मग नगरला विजेचे आठ शॉक झाले. त्यानं माणूस उठला, खाऊ-पिऊ लागला, हे खरंच. पण प्रेमलाचं आजारपण, तिचे शेवटचे शब्द, दहावा, सगळं पुसून गेलं. काही आठवणी येतील, काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. कुठल्या येणार नाहीत ते कोण सांगणार? पोस्टातल्या अख्ख्या नोकरीत कुणाचं साधं पत्र हरवू दिलं नाही, आणि बायकोला दिलेला शब्द हरवून बसलो!

"बाबा, गुरुजी दर्भाचा कावळा करतील. आटपू या," मनवा हळूच म्हणाली.

"गवताचा कावळा करून तिला फसवू?" ते ओरडले. पिंडापुढे जाऊन त्यांनी हात जोडले. "प्रेमला, मला नाही गं आठवत. काय कबूल केलं ते तुलाच ठाऊक. जे असेल ते... आजच करतो."

चिंचेवरची कावकाव एकदम थांबली. एकच कावळा खाली उतरला. त्यानं पिंडात चोच खुपसली...

"शिवला!" भिमाजी ओरडला. गुरुजींनी हात जोडले. शामकांतांना कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं. अंगाला छान गार लागत होतं.

"बाबा...!"

त्यांनी खाली पाहिलं. प्रवरेचं पाणी छातीला लागलं होतं. पायऱ्या कधी उतरलो, तेही आठवेना.

मनवानं आणि भिमाजीनं त्यांना ओढून काठावर आणलं. गुरुजी मात्र जागचे हलले नव्हते. ते पिंडाकडेच बघत होते.

सगळ्यांच्या देखत शिवलेल्या त्या पिंडाचं एक शीतही हललं नव्हतं. आणि कावळा शेजारीच बसून वाट बघत होता.