ताटातलं नाव

शनिवारी दुपारी स्वरालीने दोन कप चहा टाकला, कारण आतल्या खोलीतून नुकतीच हाक आली होती. "हिरा…"

लग्नाला चार महिने झाले होते. वारज्याची ती नवी बिल्डिंग अजून अर्धी रिकामी होती आणि भिंतींना ओल्या चुन्याचा वास येई. लग्न म्हणजे दोन्ही घरांची सोय. दोन हजार साल उजाडायच्या आत कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायला कंपनी श्यामला अमेरिकेला धाडणार होती, आणि त्याची आई लेकाला सडाफटिंग जाऊ द्यायला तयार नव्हती. इकडे पोरीचं मन कात्रजच्या संपतवर जडल्याची कुणकुण लागताच स्वरालीच्या वडिलांनी छातीवर हात ठेवला. बापाची छाती दुखली की पोरीच्या जिवाला कोण विचारतं?

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा श्यामने हळूच विचारलं, कोणतं आवडेल? तिच्या तोंडून निघून गेलं, हिरा. संपत तिला हिरा म्हणायचा, आणि हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. नवऱ्याच्या हाताने ते लिहून घेताना तिला चोरटं सुख झालं. आठव्या दिवशी संपत घाटात मोटारसायकलच्या अपघातात गेला. तिला उघड रडताही आलं नाही.

त्यानंतर हाका सुरू झाल्या. श्याम तसा मुखदुर्बळ, 'अगं'च्या पुढे न जाणारा. पण दाराआडून इतक्या मायेने हाक येई, की ती ओ देऊन चहा नेई. तो मान वर न करता कप घेई. लाजत असेल बिचारा, असं तिला वाटे. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून पत्करलेला हा माणूस तिला आवडायला लागला होता. संसार मनापासून करावा, असं पहिल्यांदाच वाटत होतं.

फोन वाजला. श्यामचा होता.

"ऑफिसमधून बोलतोय. तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही."

तिने बंद दाराकडे पाहिलं. "मग आत्ता हाक… हिरा म्हणून…"



"त्या नावाने मी तुला एकदाही हाक मारलेली नाही, स्वराली. लिहितानाच तुझा चेहरा दिसला होता. ज्याचं आहे त्याचंच राहू दे, म्हटलं."

तिचे डोळे भरून आले. आपल्याला याच माणसाजवळ राहायचंय, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"हिरा…" दाराआडून पुन्हा हाक आली.

चार महिन्यांत दिलेली प्रत्येक ओ तिला आठवली. आता द्यायची नाही. तिने ओठ घट्ट मिटले, वर हात दाबून धरला. गॅसवर चहा उतू जात होता.

दाराआड कुणीतरी ओ दिली. आवाज तिचाच होता.

"स्वराली," फोनवर श्यामने विचारलं, "कुणाला ओ देतेयस?"