एकमत

थर्मासमध्ये चहा भरून झाला, लाल उजेडाच्या बॅटरीचे सेल बदलून झाले, गळ्याभोवती मफलरचे दोन वेढे पडले, तेव्हा कुठे बाईंनी पायांत बूट चढवले. क्वार्टरपासून वेधशाळेच्या घुमटापर्यंतचा चढ तसा किरकोळच, पण हल्ली गुडघे कुरकुर करायला लागले होते. टेकडीवरची माणसं त्यांना नुसतं 'बाई' म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला 'सर'. पाठीमागे मात्र दोघांना मिळून 'घुबडं' म्हणत, आणि हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. सर गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. तेव्हापासून टेकडीवर घुबड एकच उरलं होतं.

फाटकापाशी चौकीदार रेडिओचा आवाज अगदी बारीक करून बसला होता.

"बाई, आजपण वर?"

"मग काय, आज तारे सुट्टीवर गेलेत?"

"नाही, उद्या ताई न्यायला येणार म्हणे. सामानाची बांधाबांध असेल, म्हणून विचारलं."

"येऊ दे की. जायचं का राहायचं, ते माझं मी बघेन."

चौकीदाराने मान रेडिओकडे वळवली. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या की गप्प बसावं, एवढं तो शिकला होता.

खरं म्हणजे बांधाबांध झालीच नव्हती. बॅग पलंगावर उघडी पडली होती आणि तिच्यात एक स्वेटर होता. टेकडीच्या पलीकडच्या टोकाला नवीन दुर्बीण आली होती. तिला कॅमेरा होता, आणि तिच्यापाशी रात्री कुणी बसतही नसे. जुना घुमट आता कुणालाच नको होता. संचालकांनी मात्र मोठ्या मनाने सांगितलं होतं, "बाई, तुम्हाला हवं तितके दिवस राहा." लेक म्हणत होती, पुरे झालं, माझ्याकडे ये. तिला सकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो एका वेगळ्याच गोष्टीने, आणि ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

ती गोष्ट अशी, की घुमटात सर यायचे.

पण त्याआधी म्हातारीबद्दल सांगायला हवं. बाईंनी आणि सरांनी संसारभर जो एकच तारा पाहिला, त्याचं नाव म्हणजे एक लांबलचक क्रमांक होता. घरात त्याला सगळे म्हातारीच म्हणत. आपली आकाशगंगा जेमतेम आकार घेत होती त्या काळातला हा तारा. तेव्हा विश्वात लोखंडबिखंड फारसं तयारच झालं नव्हतं, त्यामुळे म्हातारीच्या अंगात धातू अगदी नावाला. "रक्तात लोह नाही, म्हणून धाप लागते तिला," असं सर पाहुण्यांना सांगायचे. धाप मात्र खरीच लागायची. साधारण अर्ध्या दिवसात ती एकदा फुगायची आणि एकदा आक्रसायची. बघता बघता उजळायची, मग तासन् तास मंदावत जायची. ही धाप काही आठवडे मोठी असे, मग लहान होई. असं का, याचा छडा जगात अजून कुणाला नीटसा लागलेला नाही. सरांना तो लावायचा होता.

त्यांची पद्धत जुनी होती. दुर्बिणीला डोळा लावायचा, शेजारच्या दोन स्थिर ताऱ्यांशी म्हातारीची तुलना करायची आणि ती किती तेजस्वी दिसते, त्याचा आकडा ठरवायचा. हे गणित उलटं असतं: आकडा जितका लहान, तितका तारा उजळ. पहिल्याने शिडीवर चढून बघायचं आणि मुकाट खाली यायचं. मग दुसऱ्याने चढायचं, बघायचं आणि आपला आकडा आधी बोलायचा. पहिल्याने आपला आकडा नंतर सांगायचा. एकाच्या आकड्याने दुसऱ्याचा डोळा बिघडू नये, म्हणून ही शिस्त. आणि इतकं करून दोघांचा आकडा कधी जुळायचा नाही. सरांना म्हातारी नेहमी थोडी जास्त उजळ दिसायची. कुणाच्या डोळ्याला निळा उजेड जास्त जाणवतो, कुणाच्या तांबडा. प्रत्येक निरीक्षकाचा असा एक फरक असतो आणि तो सहसा बदलत नाही. हे शास्त्र दोघांना तोंडपाठ होतं, तरी रोज रात्री वादाला तोंड फुटायचंच. लेक लहानपणी घुमटातल्या सतरंजीवर तो वाद ऐकत झोपायची.

सर गेल्यानंतर बाई पहिल्यांदा वर आल्या, तेव्हा बघून झाल्यावर सवयीने शिडी उतरल्या आणि अंधारात म्हणाल्या, "झालं माझं. बघा." म्हटलं आणि त्यांना रडू कोसळलं. आणि रडता रडता त्यांना ऐकू आलं, की शिडीची पायरी करकरली.

मग वरून एक आकडा आला. हळू, घोगरा, सरांच्या आवाजात.

त्या रात्री बाईंची बोबडी वळली होती. पण दुसऱ्या रात्री त्या पुन्हा वर गेल्या, तिसऱ्या रात्रीही गेल्या. कुणाला वेड वाटेल, पण ज्याच्या घरात दिवसभर एकच कप विसळला जातो, त्याने जाऊन बघावं. घुमटात दिवा लावायची सोय नव्हती. एकदा पांढरा उजेड डोळ्यांत गेला, की अंधाराला सरावलेली नजर मोडते आणि मंद तारे पुन्हा दिसायला अर्धा तास जातो. बाईंनाही तो लावायचा नव्हता. मंद तारा सरळ बघितला तर नाहीसा होतो, जरा बाजूला बघितलं तर दिसतो. तसंच शिडीच्या बाजूला तिरकं बघितलं, की अंधाराहून काळं असं काहीतरी उभं दिसायचं, आणि सरळ बघितलं की तिथे कुणी नसायचं. सरांच्या स्वेटरला यायचा तसा ओल्या लोकरीचा वास मात्र यायचा. बाईंना तेवढं पुष्कळ होतं.

आणि गंमत म्हणजे आता आकडे जुळत होते. वरून जो आकडा यायचा, तोच बाईंच्या मनात असायचा. दर वेळी. "मेल्यावर तरी शहाणपण आलं म्हणायचं तुम्हाला," असं त्या अंधाराला म्हणाल्याही होत्या. हे सगळं सोडून लेकीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर कसं जाऊन बसायचं? सरांना इथे एकटं टाकून?

आज संध्याकाळी मात्र लेकीचा फोन आला होता. बोलता बोलता बाईंच्या तोंडून निसटलं, "आकड्यांवरून कसलं भांडण गं, एकमतही होतं की."

लेक खळखळून हसली. "तुमचं? एकमत? अगं आई, तुमचा छत्तीसचा आकडा होता! तुमचं भांडण कानावर पडलं नाही तर मला झोप यायची नाही. तुमचं कधी एकमत झालं असतं ना, तर मी घाबरून उठून बसले असते."

बाईही हसल्या. फोन ठेवला. 

डोळ्यांतला फरक बदलत नाही... माणूस मेला म्हणून बदलतो का?

घुमटाचं दार त्यांनी आतून लोटून घेतलं. थंड लोखंडाचा आणि ग्रीसचा ओळखीचा वास आला. चाक फिरवून छताची फट उघडली, दुर्बीण म्हातारीवर आणली. हात ते काम आपोआप करत होते. आज म्हातारी उजळायची होती, मिनिटामिनिटाला आकडा बदलणार होता. त्यांनी नेहमीसारखं एकदा बघितलं, खाली आल्या, "झालं माझं. बघा." शिडी करकरली. आकडा आला. त्यांचाच.

पुन्हा एकदा. पुन्हा त्यांचाच. ओल्या लोकरीचा वास आज जास्तच येत होता.

तिसऱ्या वेळी बाई वर चढल्या, चेहरा दुर्बिणीशी नेला, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मनात आकडा येऊ दिला नाही. देवा, त्यांनी मनात म्हटलं, चुकीचा का होईना, पण यांचा स्वतःचा आकडा येऊ दे. त्या खाली आल्या. 

"झालं माझं... बघा."

एक पायरी करकरली. दुसरी. तिसरी. मग काहीच नाही. बाहेर वाराही पडला होता. ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारं यंत्र तेवढं बारीक गुरगुरत होतं.

"अहो... सांगा ना."

"अगं..." वरून आवाज आला. अगदी सरांचा. "तू बघितलंस कुठे?"



"मी बघितलं नाही तर काय झालं? तुमचं तुम्ही सांगा. तुम्हाला किती दिसते?"



"मला... नाही दिसत."

"म्हातारी नाही दिसत?"

"तू बघितल्याशिवाय... काहीच नाही दिसत."

त्या आवाजात राग नव्हता. उलट इतकं केविलवाणं काहीतरी होतं, की बाईंचा हात क्षणभर शिडीकडे गेला. मग पायऱ्या पुन्हा करकरू लागल्या. या वेळी वरून खाली.

"बघ ना... एकदाच बघ..."

बाई मागे सरकत दारापर्यंत आल्या. बाहेर पडल्या. दाराला कुलूप लावलं. थर्मास, बॅटरी, सगळं आतच राहिलं. त्या दारासमोरच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी हुंदका दिला. भीतीने नव्हे. सर गेले होते. हिवाळ्यातच गेले होते, आणि त्यानंतर एकदाही आले नव्हते. इतके महिने त्या एकट्याच होत्या, आणि ते त्यांना आत्ता कळत होतं.

जायचं. ठरलं. उजाडलं की लेकीबरोबर जायचं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून बोलणं ऐकू यायला लागलं. आधी पुटपुटणं, मग स्पष्ट.

"दहा पॉइंट दोन," सरांचा आवाज म्हणाला.

"काहीतरीच! दहा पॉइंट चार आहे. चष्मा पुसा," दुसरा आवाज म्हणाला. बाईमाणसाचा होता. चिडका, हसरा, ठसक्यातला.

तो आवाज ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज माणूस बाहेरून कधी ऐकत नाही.

आत भांडण रंगलं होतं. अगदी पूर्वीसारखं. सर चिडवत होते, ती तणतणत होती, मध्येच दोघं हसत होती. बाई बंद दाराबाहेर थंडीत बसून ते ऐकत राहिल्या. त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटत होता तो हेवा.

खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला, आणि वळणावरच तिचे दिवे विझले. लेकच ती, घुमटाच्या अंगणात वाढलेली, तिला दिवे विझवायला सांगावं लागत नसे. झोप लागली नसेल म्हणून रात्रीच निघाली असणार. ती अंधारात अंदाजाने चढून आली. बाई उठल्या, पुढे झाल्या आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. ऊबदार, जिवंत हात.

"आई? बाहेर काय करतेस? केवढी गार पडलीयेस..."

"चल. आत्ताच्या आत्ता जाऊ या."

पण लेक जागची हलली नाही. ती ऐकत होती.

"बाबा..." ती पुटपुटली. मग आतला दुसरा आवाज तिच्या कानावर पडला. लहानपणी सतरंजीवरून दचकून उठल्यावर मारायची तशी तिने दाराकडे तोंड करून हाक मारली, "आई!"

आतलं भांडण थांबलं.

"आले गं!" आतून आवाज आला. "एवढं एकदा बघते आणि येते."

"अगं, मी इथे आहे," बाई म्हणाल्या. "हा बघ, तुझा हात धरलाय मी. अगं, मी... तुझी आई..."

 अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. ती एकदा त्यांच्याकडे वळली, एकदा दाराकडे. आणि मग तिने एकेक बोट सोडवत आपला हात काढून घेतला आणि दाराच्या दिशेने सरकली.